चुन्यावरची रेघ

हिंगोली जिल्ह्यात सायकलवरून सहा दिवस फिरून आलो असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. तिथं बघण्यासारखं काय आहे, हा एक. आणि या वयात सायकल कशाला, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं आहे, पण ते ऐकून लोक हिरमुसतात. कारण त्या सहा दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळ जी गोष्ट पाहिली ती म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाकडे जाणारी उजव्या बाजूची खालची नळी. साखळी तिच्या अगदी जवळून जाते, पण सहसा तिच्याकडे कुणी बघत नाही.

सायकल माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. प्रवासात ते सांगायला मला चार दिवस लागले.

ती वसंताची. वसंता आणि मी साताऱ्यात एकाच आळीत वाढलो, आणि गेली बारा वर्षं दर हिवाळ्यात सायकलवरून एकेक जिल्हा बघतो. मागच्या हिवाळ्यात कोकणात उतरताना त्याच्या छातीत दुखत होतं. ते त्याने चार दिवस मला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला बसला आणि उठलाच नाही. ऑपरेशन झालं, वाचला. मी रोज दवाखान्यात जात होतो, त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, डबा नेऊन देत होतो, पण वसंताशी महिनाभर एक शब्द बोललो नाही. मला लपवाछपवीची चीड आहे, असं तेव्हा मी भेटेल त्याला सांगत असे.

या वर्षी डॉक्टरांनी त्याला सायकल बंद केली. माझी सायकल जुनी, जड, बिनगिअरची. तो म्हणाला, "माझी घेऊन जा. मात्र रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचा आणि त्या दिवसाचा रस्ता सांगायचा. मी नकाशावर बोट ठेवून बसेन." आजवर त्याने ती सायकल भावालाही दिली नव्हती.

हिरव्या रंगाची, पोलादी सांगाड्याची सायकल. पुढे दोन दातेरी चक्रं, मागे पाच. मघाशी सांगितलेल्या त्या नळीवर वसंताने जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून वर सुतळी बांधली होती. मी सरकारी कचेरीत तीस वर्षं नकाशे काढले, मला ओबडधोबड काही बघवत नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी ते रबर काढून टाकलं, नळी पॉलिश केली, साखळी रॉकेलने धुतली. तेलावर धूळ बसते आणि पँट खराब होते म्हणून तेल लावलं नाही. सायकल नवीकोरी दिसू लागली आणि मी स्वतःवर फार खूश झालो.

हिंगोली

पूर्णेहून छोट्या रुळांची गाडी हिंगोलीला येते. सायकल गार्डाच्या डब्यात होती आणि तिच्या शेजारी कोंबड्यांची डालगी. जिल्हा नवा होता, त्यामुळे बऱ्याच पाट्यांचा रंग अजून ओला असल्यासारखा वाटत होता.

पहिल्या दिवशी गावात आणि आसपास हिंडलो. आमच्याकडे रस्ता विचारला तर माणूस आधी तुम्ही कुठले ते विचारतो. इथे आधी पाणी देतात. मी डोक्याला टोपी आणि पँटला चिमटे लावून फिरत होतो, म्हणून मला सगळे न विचारताच मास्तर म्हणू लागले. अंतराचं मात्र काही खरं नाही. "हे काय, समोरच हाये," असं एका गृहस्थांनी सांगितलेलं ठिकाण नऊ किलोमीटरवर निघालं.

सात वाजता फोन लावला. वसंताने रस्ता विचारला, झाडं विचारली, काय खाल्लं ते विचारलं. शेवटी सायकलबद्दल म्हणाला, "आणि ती?"

"मजेत आहे," मी म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं.

औंढा नागनाथ

हिंगोलीहून औंढ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना पोटरीतून कणसं बाहेर पडत असलेली ज्वारी, मध्येच कापसाची शेवटची वेचणी, आणि मग हळूहळू माळ वर चढू लागतो. औंढ्याच्या अलीकडच्या चढावर मी दमलो आणि पुढच्या मोठ्या चक्रावरून लहानावर साखळी घेतली. चढावर पायात जोर असताना गिअर बदलू नकोस, बदलायचा तर चढ लागायच्या आधी, असं वसंताने मला दोनदा बजावलं होतं.

कोरडी साखळी लहान चक्राच्या दातांना चिकटली, सुटायच्या जागी दातांबरोबरच वर गेली आणि चक्र नि नळी यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली. पायडल अडलं. अशा वेळी उतरावं, पायडल उलटं फिरवावं, साखळी हाताने सोडवावी. मी उतरलो नाही. उभं राहून सगळं वजन पायडलवर टाकलं. कडकड असा आवाज झाला. दुसऱ्यांदा टाकलं. मग उतरलो.

साखळी निघाल्यावर नळीवर तीन खाचा दिसल्या. रंग गेला होताच, खालचं लोखंडही खरवडून निघालं होतं. रबर असतं तर साखळी आधी रबरात रुतली असती, हे कळायला नकाशे काढण्याचा अनुभव लागत नाही.

औंढ्यात देवळात गेलो. काळ्या दगडाचं देऊळ, गाभारा खाली, वाकून उतरावं लागतं. माझं लक्ष नव्हतं. बाहेर आल्यावर फुलवाल्यांच्या रांगेपलीकडच्या विजेच्या दुकानातून मी हिरवी चिकटपट्टी घेतली आणि धर्मशाळेच्या ओट्यावर बसून खाचांवर गुंडाळली. कडा इतक्या सरळ आल्या की खाली काही आहे असं कुणाला वाटलं नसतं. साखळीला तेलही लावलं, एकदाचं.

सात वाजता वसंताने शेवटी विचारलं, "आणि ती?"

"मजेत आहे," मी म्हणालो.

तिसरा दिवस मी सिद्धेश्वरच्या धरणाकडे घालवला. पाणी निळं होतं, काठाला बगळे होते, एका कोळ्याने तळलेली मासळी कागदावर दिली, तीही उत्तम होती. संध्याकाळी हे सगळं मी वसंताला रंगवून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. पण परत गेल्यावर तोंडावर सांगू, आजारी माणसाला फोनवर कशाला त्रास, अशी मी समजूत घातली. मागच्या वर्षी वसंतानेही मला हेच कारण दिलं होतं, परत गेल्यावर सांगू, उगाच कशाला त्रास. फक्त त्यात आजारी माणूस तो स्वतः होता.

तांडा

चौथ्या दिवशी सकाळी जवळा बाजारच्या रस्त्याला लागलो. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर आवाज सुरू झाला. उजवा पाय खाली गेला की टिक. प्रत्येक फेऱ्याला एकदा. मी रेडिओवरचं गाणं आठवून ते मोठ्याने म्हणू लागलो, तेव्हा ऐकू येईनासा झाला.

रस्त्याच्या कडेला बंजाऱ्यांचा एक तांडा लागला. बाहेरच्या कडुलिंबाखाली कापसाने भरलेली बैलगाडी उभी होती आणि एक साठीचे गृहस्थ चाकाला वंगण घालत होते. पाणी मागायला थांबलो. पाणी आलं. मी पिईपर्यंत ते सायकलकडे बघत होते.

"मास्तर, तुमची गाडी बोलून राहिली," ते म्हणाले. "लांबून ऐकू येत व्हती."

"जुनी आहे," मी म्हणालो.

ते उकिडवे बसले आणि बरोबर त्या नळीवर बोट ठेवलं. "ह्या पट्टीखाली काय हाये?"

"काही नाही. ओरखडा."

"वरखडा असंल तर झाकला काहून?"

मी विषय बदलून नाव विचारलं. त्यांचं नाव थावरू राठोड. त्यांच्या आज्या-पणज्यांचे बैल पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरत. थावरूंकडे आता पाच एकर रान आणि ही एक बैलजोडी. त्यांनी मला हाताने बोलावून डावीकडच्या बैलापाशी नेलं. जुवाने त्याचा खांदा सोलवटला होता. वर हळद आणि तेल होतं, कापड नव्हतं.

"खांदा आला की उघडा ठेवतेत," ते म्हणाले. "रोज बघाया पायजे, वाढला का बसला. झाकला का मालकाला बरं वाटतं, बैलाला न्हाई."

मी पट्टी सोडली. माझ्या सरळ कडांचं त्यांनी काही कौतुक केलं नाही. त्यांनी गाडीतल्या कापसाचं एक बोंड घेतलं, कंदिलातल्या रॉकेलमध्ये बुडवून तिन्ही खाचांवर फिरवलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि धोतराच्या सोग्याने नळी कोरडी पुसली. मग कमरेची तंबाखूची डबी काढली, त्यातला चुना बोटावर घेऊन खाचांवर पातळ सारवला.

"गाडीचा आस असाच बघतो आमी," ते म्हणाले. "चीर असंल तर रॉकेल आत जाऊन बसतं, अन् मंग चुन्यातून भाईर येतं. आता वाळू द्या. जेवून घ्या तवर."

त्यांच्या पत्नी जानकाबाईंनी मला न विचारता ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांचं कालवण, लाल मिरचीचा ठेचा. आपापसात ते दोघं त्यांच्या बोलीत बोलत होते, माझ्याशी मराठीत. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे आग्रह नव्हता, भाकरी संपायच्या आत दुसरी येऊन पडत होती. तिसऱ्या भाकरीला मी नको म्हणालो तेव्हा जानकाबाई म्हणाल्या, "सायकल चालवता न्हवं? मंग खा की." कालवण इतकं चांगलं होतं की मी काही वेळ चुना विसरलो.

उठून बघितलं. दोन खाचांवरचा चुना पांढराशुभ्र होता. तिसऱ्या, चक्राजवळच्या खाचेच्या कोपऱ्यातून एक काळपट रेघ निघाली होती. करंगळीच्या नखाएवढी. आयुष्यभर मी रेघा ओढल्या, इतकी बारीक आणि इतकी स्पष्ट रेघ मला कधी जमली नाही. काल धरणाकडून येताना लांबच लांब उतारावर मी ब्रेक सोडून, हात पसरून आलो होतो.

"चीर जिती हाये, वाढत जाईल," थावरू म्हणाले. "आजच्या आज बघा. मी बाजारालाच निघालो. टाका गाडीत."

वसंताची सायकल कापसावर आडवी झाली. मी बाजूने चालत होतो, मग थावरूंनी मला वर बसवलं. वाटेत त्यांनी सायकलची किंमत विचारली आणि मी बोलून गेलो की मला ठाऊक नाही, सायकल मित्राची आहे. ते बैलांना हाकारत राहिले.

जवळा बाजार

आठवडी बाजार भरला होता. कापूस, सोयाबीनची पोती, भाजी, बांगड्या, दावी नि घुंगरं. एका टोकाला रशीदभाईंचं पत्र्याचं दुकान, समोर नांगर आणि वखर दुरुस्तीला पडलेले. त्यांनी नळीवर नख वाजवून पाहिलं.

"पाइप पतला है," ते म्हणाले. "करंट का काम नै, भोक पड जाता. ग्यास पे पीतल भरना पडता. पयले घिस के खाँचे गोल करता मैं, कोना रहा तो वहींच से फिर फटता."

माणसाला आपलं काम कळतं हे लगेच समजतं. त्यांनी कानशीने खाचांचे कोपरे काढले, नळी पॉलिश कागदाने चकचकीत केली, चाक काढून ठेवलं, ग्यास पेटवला. ज्योत निळी झाली. तेवढ्यात थावरूंनी सायकलच्या दांड्यावर हात ठेवला.

"थांबा, भाई. ह्यो बैल ह्यांचा न्हाई."

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, मालकाला इचारलं का?" थावरूंनी विचारलं.

"मालक साताऱ्याला आहे. आजारी आहे. आणि दुरुस्तीच तर करतोय आपण."

"दुरुस्तीच हाये. पर इस्तव लावायचा हाये तिला. आमच्यात दुसऱ्याच्या बैलाला डाग देत न्हाईत, मालकाला इचारल्याबिगर. बैल मरत असला तरी माणूस धाडतेत गावाला. डाग जात न्हाई ना मंग." त्यांचा आवाज चढला नव्हता.

"बराबर बोलरा," रशीदभाई म्हणाले आणि ज्योत बारीक केली. मग हनुवटीने चार दुकानं पलीकडची फोनची पिवळी पाटी दाखवली.

तीस वर्षं नोकरी केली, साहेबांच्या खोलीत अनेकदा गेलो. पण त्या चार दुकानांएवढं अंतर मला कधी लांब वाटलं नाही. थावरू बरोबर आले आणि काचेच्या दाराशी उभे राहिले.

वसंताने फोन उचलला. "दिगू? आत्ता? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चढ, गिअर, तीन खाचा, पट्टी, चुना, रेघ.

"रबर होतं ना तिथं?" शेवटी त्याने विचारलं.

"मी काढलं होतं."

"का?"

"चांगलं दिसत नव्हतं."

मग तो म्हणाला, "तुझ्याबरोबर कोण आहे?"

मी थावरूंचं सांगितलं. "त्यांना दे," तो म्हणाला.

थावरूंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "रामराम, मालक," म्हणाले, आणि मग बराच वेळ "व्हय", "न्हाई", "बराबर" असं चाललं होतं. एकदा ते म्हणाले, "न्हाई, माणूस चांगला हाये. घाबरट हाये जरा." मग म्हणाले, "झाकू नगा म्हणावं. बांधायचं तर सुटंल असं बांधा." मग ते हसले आणि फोन माझ्याकडे दिला.

"मी त्यांना हो म्हणालोय," वसंता म्हणाला. "आता तुझं. तू किती दिवस लपवलंस?"

"दोन."

"मी मागच्या वर्षी चार दिवस लपवलं, तर तू महिनाभर बोलला नाहीस. मी तुझ्याइतका दुष्ट नाही. दोन दिवस. आज आणि उद्या फोन करायचा नाही." आणि त्याने ठेवून दिला.

रशीदभाई दारात वाट बघत होते. थावरूंनी त्यांना लांबूनच सांगितलं, "मालक म्हणले, द्या डाग."

पितळ वितळून रेघेत शिरलं, खाचा भरल्या. थंड झाल्यावर रशीदभाईंनी पुन्हा कानस मारली. हिरव्या नळीवर दोन बोटं रुंद पिवळा डाग राहिला. मी रंगाचं विचारणार होतो, पण थावरू बघत होते, म्हणून राहू दिलं. त्यांनी जुन्या ट्यूबचा एक तुकडा मागून घेतला, नळीवर गुंडाळला, वर सुतळीची सुरगाठ मारली. एका बाजूने ओढली की सुटेल अशी. वसंताची गाठ थेट अशीच होती. ती मी कात्रीने कापली होती.

थावरूंना कापूस मापावर न्यायचा होता. निरोप घ्यायला मी काही बोलू लागलो तर ते म्हणाले, "मालकाला तकलीफ देऊ नगा आता," आणि बैल हाकारले.

वसमत

जवळ्याला मुक्काम केला. सात वाजता सवयीने उठून चपला घातल्या, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी वसमतचा रस्ता. हळदीची शेतं पिवळी पडत चाललेली, पाण्याचे पाट, सपाट मऊ रान. एका ठिकाणी रस्त्याच्या मधोमध एक म्हैस बसली होती आणि तिच्यासाठी एक बस, दोन ट्रॅक्टर आणि मी असे सगळे शांतपणे थांबलो होतो. बसचा कंडक्टर उतरून तिच्याशी हात जोडून बोलला, तेव्हा ती उठली. हे वसंताला सांगायला पाहिजे, असं मनात आलं, आणि सांगता येणार नाही हे लगेच आठवलं. त्या दिवशी असं पाच-सहा वेळा झालं. गेली बारा वर्षं मी जे काही बघत होतो, ते कुणालातरी शेजारी दाखवण्यासाठी बघत होतो. एकट्याने बघितलेलं मला फार पुरत नाही. मागच्या वर्षी महिनाभर दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी तोंड मिटून बसलो होतो. तेव्हा त्याचा दिवस कसा गेला असेल, हे मला वसमतच्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

दर तासाला मी उतरत होतो, सुरगाठ ओढून रबर सोडत होतो, पितळेवर नख फिरवत होतो, पुन्हा बांधत होतो. आवाज नव्हता. चढ लागायच्या आधी गिअर बदलत होतो. साखळीच्या तेलाने पँट खराब झाली होती.

डोंगरकडा

सहाव्या दिवशी डोंगरकड्याला आलो. केळीच्या बागा, ट्रकमध्ये भरले जाणारे घड, चहाच्या टपरीवर केळी फुकट. साडेसहालाच फोनच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानदार म्हणाला, "लावा की, मास्तर, मोकळाच हाये." मी म्हणालो, सात वाजू द्या.

सात वाजता नंबर फिरवला. साताऱ्याला पहिली घंटा पुरती वाजलीही नसेल.

"जवळा बाजारपासून सांग," वसंता म्हणाला. "सावकाश सांग. दोन दिवस बोट तिथंच ठेवलंय, बधिर झालंय."

मी म्हशीपासून सुरुवात करणार होतो. पण दाराशी टेकवलेल्या सायकलकडे बघितलं आणि म्हणालो, "आधी तिचं सांगतो."